टांगत्या कुंडीतलं पाणी बाहेर कसं जाईल?

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या नर्सरीत कोमेजलेली रोपं घेऊन बरेच जण येतात. पानं पिवळी, फांद्यांनी माना टाकलेल्या. "रोज पाणी घालतोय, तरी सुकतंय," ही तक्रार ठरलेली. रोप उपसून पाहावं तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग माती ओली असूनही रोप तहानलेलं दिसतं. अशा वेळी आणखी पाणी घालू नका.

पाणी साचण्याचं पहिलं कारण म्हणजे बास्केटच्या आतलं अस्तर. नुसत्या काथ्याच्या अस्तरातून पाणी सहज झिरपतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात माती लवकर वाळते म्हणून आपण आतून प्लास्टिक लावतो. लावायला हरकत नाही, मात्र तळाशी भोकं हवीतच. बारा इंची बास्केटला पेन्सिल आरपार जाईल अशी पाच-सहा भोकं पाडा. नुसती चीर दिलीत तर मातीच्या दाबानं ती मिटू शकते.

दुसरं कारण ऐकून अनेकांना नवल वाटतं: तळाशी घातलेली खडी. तिनं निचरा सुधारतो ही समजूत घरोघरी आहे, आम्हीही पूर्वी तेच सांगायचो. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती गच्च भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. खडीमुळे हा चिखलाचा थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. घरी करून पाहा: भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळेल. म्हणूनच उथळ कुंडीत ओल जास्त साचते आणि तिला मिश्रण अधिक भुसभुशीत लागतं. खडीऐवजी भोकांवर शेडनेटचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही.

आमचं मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). परलाइट नसेल तर भाताचं तूस चालेल. शेतातली काळी माती टांगत्या कुंडीत नको, ती चिकट आणि जड असते. बारा इंची अर्धगोल बास्केटमध्ये सुमारे सात लिटर मिश्रण मावतं. भिजल्यावर ते बरंच जड होतं, त्यामुळे हूक किमान दहा किलो पेलणारा घ्या.

फायबरच्या किंवा चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीला भोक नसेल तर रोप आतल्या साध्या कुंडीतच ठेवा आणि ती विटेच्या तुकड्यांवर उचलून धरा. खाली साचलेलं पाणी ओतून टाका.

खालच्या गॅलरीत पाणी गळू नये म्हणून बशी लावली असेल, तर ती आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंगूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात बशी काढूनच ठेवलेली बरी.

घरातली जुनी बास्केट किंवा कुंडी घेऊन या. भोकं आम्ही पाडून देतो, त्याचे पैसे घेत नाही.