‘खुनी रक्त’ नावाचं काही नसतं

आई किंवा वडिलांवर खुनाचा नुसता संशय असला, तरी ‘खाण तशी माती’ म्हणत लोक लेकरांकडेही त्याच नजरेनं बघतात. (संशय म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे कुणाच्या गावीही नसतं.) १९८४ साली डेन्मार्कमधल्या १४,४२७ दत्तक प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदात्यांना गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली असेल, तर दुसऱ्या घरात वाढलेल्या त्यांच्या मुलांमध्येही चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हिंसक गुन्ह्यांत मात्र असा संबंध आढळला नाही. आणि १९९३ मध्ये गाजलेलं ते ‘हिंसेचं जनुक’? जनुकातला तो दुर्मीळ बिघाड तेव्हा एका डच कुटुंबात सापडला होता आणि नंतरही मोजक्याच कुटुंबांत दिसला, बस्स. लेकरांना खरं छळतात ते शेजाऱ्यांचा अबोला, वर्गातली कुजबुज आणि राग आला की स्वतःचीच वाटणारी भीती.