बेली पूल आणि शहरातले तात्पुरते स्टील पूल

ठरलेल्या मापाची लोखंडी पॅनेलं पिना घालून एकमेकांना जोडायची आणि काही दिवसांत गाड्या जातील असा पूल उभा करायचा, याला आपल्याकडे सरसकट बेली पूल म्हणतात, मग तो मूळ बेलीचा असो की नंतरच्या कंपन्यांनी सुधारलेला. जुना पूल पाडून नवा बांधायचा असेल तेव्हा शेजारून रहदारी चालू ठेवायला हा फार कामाचा.

डोनाल्ड बेली हे ब्रिटनच्या युद्धखात्यातले इंजिनियर, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हे डिझाइन केलं आणि पुढे त्यांना सर किताबही मिळाला. कल्पना साधी पण जबरदस्त आहे. एक पॅनेल साधारण 3 मीटर लांब, दीड मीटर उंच, वजन 260 किलोच्या आसपास, म्हणजे सहा जण मिळून उचलू शकतात आणि साध्या ट्रकमध्ये मावतं. जास्त भार हवा असेल तर त्याच पॅनेलांच्या दोन किंवा तीन रांगा शेजारी शेजारी लावायच्या, तरी कमी पडलं तर वर आणखी एक मजला चढवायचा. सुटे भाग तेच, जोडणी बदलली की पुलाची ताकद बदलते.

पूल पलीकडे नेण्याची पद्धत तर बघण्यासारखी असते. एकाच काठावर रोलरवर सगळा सांगाडा जोडतात, पुढे पॅनेलांचंच हलकं नाक लावतात आणि मागून ढकलत नेतात. मागचा भाग जड असल्यामुळे पुढचं टोक हवेत असतानाही पूल खाली कलंडत नाही, नाक पलीकडच्या रोलरवर टेकलं की निम्मी लढाई जिंकली. मग नाक सोडवायचं, जॅकवर पूल घेऊन बेअरिंगवर, म्हणजे कायमच्या बैठकीवर उतरवायचा, वर डेक, म्हणजे गाड्या चालायचा पृष्ठभाग टाकायचा. नदीत टेकू नाही, मोठी क्रेन नाही. 2024 मध्ये वायनाडला दरड कोसळल्यावर लष्कराच्या मद्रास सॅपर्स या इंजिनियर दलाने चूरलमलाला 190 फुटी बेली पूल टाकला आणि त्या तुकडीत पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके होत्या, याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा.

पण शहरातलं गणित वेगळं असतं. कोलकात्याचा माजेरहाट पूल 4 सप्टेंबर 2018 ला कोसळला, डायमंड हार्बर रोडवरून बेहालाकडे जाणारी मुख्य वाट तुटली आणि दुर्गापूजा तर महिन्याभरावर आलेली. तिथे जवळच्या कालव्यावर बेली पूल टाकले, रेल्वे रुळांवर लेव्हल क्रॉसिंग केलं आणि ऑक्टोबरात पूजेआधी पर्यायी रस्ता सुरू झाला. गार्डन रीच ही जहाजं बांधणारी सरकारी कंपनी बेली पूलही बनवते आणि ती कोलकात्यातच आहे. नवा पूल डिसेंबर 2020 मध्ये खुला झाला, म्हणजे दोन वर्षांहून थोडा जास्त काळ त्या पर्यायी वाटेचा आधार होता.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवरच्या हायवे पुलाचा एक गाळा (दोन खांबांमधला भाग) मे 2013 मध्ये पडला, दिवसाला सुमारे 70 हजार गाड्यांचा रस्ता तो. महिन्याच्या आत तिथे तात्पुरते स्टीलचे गाळे बसले, स्पीड कमी ठेवला, अवाढव्य माल नेणारे ट्रक दुसरीकडून पाठवले, आणि शेजारी कायमचा गाळा तयार करून सप्टेंबरात रातोरात सरकवून बसवला.

मग मुंबईत असं का होत नाही? अंधेरीचा रेल्वे रुळांवरचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 ला पूर्ण बंद झाला आणि पहिली बाजू खुली व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडला, तोवर अंधेरीकरांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. खरी अडचण पुलाची नाही, पोहोचरस्त्याची आहे. रेल्वेची ओव्हरहेड वायर ओलांडायची तर पूल उंच हवा, उंच पुलाला दोन्ही बाजूंना लांब चढ हवा आणि तिथे तर रुळाला खेटून बिल्डिंगा. पादचारी पुलाला मात्र चढ लागत नाही, जिना पुरतो, म्हणून एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला उभारलेले पूल फेब्रुवारी 2018 मध्ये चालू झाले. माझ्या मते जिथे जागा आहे, म्हणजे नाले, खाड्या, नदीकाठ, तिथे तात्पुरत्या पुलाचा खर्च नव्या पुलाच्या टेंडरातच धरायला हवा, लोकांचा रोजचा एक-दीड तास फुकट नसतो.

तोटेही आहेतच. एकच लेन असेल तर सिग्नल लावून एकेक बाजू सोडावी लागते, वजनाची मर्यादा पाळावी लागते, डेकच्या प्लेटा रात्री खडखडतात आणि पावसात दुचाकी घसरते, म्हणून वर खरखरीत कोटिंग लागतं. रहदारीच्या हादऱ्याने बोल्ट ढिले होतात, ते नेमाने तपासावे लागतात. नवा पूल झाला की सगळं सुटं करून, पिनांची भोकं ताणली गेलीत का, पॅनेल वाकलंय का ते बघून चांगले भाग गोदामात जातात आणि पुढच्या पुलाला परत वापरतात.