जुन्या लष्करी वाहतूक विमानांचा जीर्णोद्धार व जतन

सेवेतून काढलेली सैनिकवाहू व मालवाहू विमाने पुन्हा उड्डाणक्षम करणे, निदान एंजिन सुरू होऊन जमिनीवर फिरतील अशा स्थितीत राखणे किंवा नुसती पाहण्यासाठी टिकवणे, ही सारी कामे या विषयात येतात. भारतात हा विषय मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील डग्लस सी-४७ डकोटा या दोन एंजिनांच्या वाहतूक विमानाभोवती फिरतो. लढाऊ विमानांच्या मानाने वाहतूक विमाने फार थोडी टिकली. नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार सात मीटरही नाही. ते चौकातल्या चौथऱ्यावर मावते. डकोटाचा विस्तार सुमारे २९ मी. असून त्याला हँगर लागतो. शिवाय त्यातून ॲल्युमिनियमही अधिक निघते, आणि लिलावाच्या वेळी हीच गोष्ट विमानाच्या मुळावर येते. नागपूरचा या विषयाशी संबंध सोनेगावचा विमानतळ, वायुसेनानगरातील हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे (देखभाल विभागाचे) मुख्यालय आणि रात्रीची हवाई टपाल सेवा यांमुळे येतो.

सोनेगाव विमानतळाच्या स्थापनेविषयी संदर्भग्रंथांत सहसा १९१७–१८ हे वर्ष मिळते. तो रॉयल फ्लाइंग कोअर किंवा रॉयल एअर फोर्ससाठी सुरू झाला, असे त्यांत म्हटलेले असते. पहिले दल दुसऱ्यात विलीन झाले ते १ एप्रिल १९१८ रोजी. त्यामुळे या ‘किंवा’वरून मूळ नोंदीत नेमका महिना नसावा, असे दिसते. त्या काळच्या विमानांना सपाट माळ पुरत असे. तेव्हा १९१७–१८ हा फारतर उतरण्याच्या मैदानाचा काळ समजावा. दुसऱ्या महायुद्धात जुन्या इमारतींची डागडुजी होऊन रॉयल एअर फोर्सने लांबच्या प्रवासात थांबण्याचा, म्हणजे टप्प्याचा तळ म्हणून त्याचा वापर केला. वाहतूक विमानांच्या इतिहासाला हाच काळ अधिक उपयोगी आहे.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांची शिल्लक डकोटा विमाने भारतात स्वस्तात विकली गेली आणि त्यांच्या जोरावर अनेक खाजगी हवाई कंपन्या निघाल्या. त्यांपैकी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. पुढे ही सेवा इतर कंपन्यांकडे व १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे गेली. डकोटांबरोबर स्कायमास्टर ही चार एंजिनांची विमानेही त्यात आली. चार शहरांच्या विमानांची गाठ एकाच तळावर पडत असल्याने एकाचे एंजिन अडले की बाकीच्यांचाही खोळंबा होई. म्हणून जुन्या लष्करी विमानांची रात्रीच्या रात्री तपासणी व किरकोळ दुरुस्ती हा सोनेगावचा नेहमीचा उद्योग होऊन बसला. १२ डिसेंबर १९५३ रोजी टपाल सेवेचे एक डकोटा नागपूरहून उड्डाण करताच कोसळले. त्यातून फक्त वैमानिक वाचला. सेवा १९७० नंतरच्या दशकात बंद झाली. इतकी वर्षे रोज रात्री डकोटा पाहिलेल्या या शहराच्या स्मृतीत टपालाच्या थैल्या अजून आहेत, विमाने फारशी नाहीत.

मेंटेनन्स कमांडची उभारणी १९५५ मध्ये कानपूरला झाली व पुढे तिचे मुख्यालय नागपूरला आले. नागपूर हे हवाई दलाच्या देखभालीचे केंद्र असल्याने विमानेही येथेच दुरुस्त होतात, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. ॲव्ह्रो व एएन-३२ या वाहतूक विमानांच्या ओव्हरहॉलचे (पूर्ण उघडून दुरुस्तीचे) काम कानपूरच्या १ बेस रिपेअर डेपोचे, तर लढाऊ विमानांचे नाशिकजवळ ओझरच्या ११ क्रमांकाच्या डेपोचे. कागद नागपूरला हलतो, रिव्हेट कानपूरला ठोकला जातो. मात्र जतनाच्या कामात कागदाचे वजन पत्र्याहून कमी नाही, हे पुढे दिसेल.

आरंभ कोठून धरावा : दिल्लीतील पालमचे वायुसेना संग्रहालय १९६७ चे असल्याने भारतातील विमान-जतनाची सुरुवात तेथून धरण्याची प्रथा आहे. परंतु त्याआधी, १९४८ मध्ये, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने कानपूरला ब्रिटिशांनी मोडून टाकलेल्या लिबरेटर बाँबफेकी विमानांपैकी बेचाळीस विमाने पुन्हा उभी केली होती. ही विमाने परत वापरता येऊ नयेत अशा बेताने निकामी केलेली होती. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती जुजबी दुरुस्तीनंतर एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. १९६८ अखेर ती निवृत्त झाल्यावर त्यांतील काही ब्रिटन, अमेरिका व कॅनडातील संग्रहालयांत गेली. लिबरेटर वाहतूक विमान नव्हे आणि त्या दुरुस्तीमागे जतनाचा हेतू नव्हता, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही नकाशे व सुटे भाग हाती नसताना एका सांगाड्यातून दुसरा पुरा करण्याची रीत भारतात तेथे रुजली, म्हणून आरंभ १९४८ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

विमानाची ओळख : जीर्णोद्धारात सर्वांत अवघड प्रश्न, टिकवायचे ते नेमके काय, हा असतो. ‘परशुराम’ नावाच्या डकोटाने तो भारतात ठळकपणे पुढे आणला. तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी आपले वडील, डकोटाचे वैमानिक एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या नावे हे विमान हवाई दलाला भेट दिले. २०११ मध्ये घेतलेल्या या विमानाचे काम इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे झाले. भेट प्रथम नाकारली गेली होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारण्यात आली. १७ एप्रिल २०१८ रोजी कॉव्हेंट्रीहून निघून युरोप व आखाती देशांतील टप्पे घेत विमान २५ एप्रिलला जामनगरला उतरले आणि ४ मे रोजी दिल्लीजवळच्या हिंडन तळावर हवाई दलात दाखल झाले.

त्याच्यावर रंगवलेला व्हीपी-९०५ हा क्रमांक, २७ ऑक्टोबर १९४७ रोजी १ शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला सर्वप्रथम उतरलेल्या १२ व्या स्क्वाड्रनच्या डकोटाचा आहे. वृत्तपत्रांतून पुष्कळदा हेच ते विमान, असा सूर लागतो. प्रत्यक्षात हा सांगाडा वेगळा आहे : १९४४ मध्ये बांधलेला, रॉयल एअर फोर्सने वापरलेला व नंतर ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नागरी नोंदणीखाली उडत राहिलेला. एका विमानाला दुसऱ्याच्या कर्तृत्वाचा रंग द्यावा का, यावर दोन मते आहेत. जतन कर्तृत्वाचे असते, सांगाडा निमित्तमात्र, हे एक. सांगाड्याचा स्वतःचा इतिहासही दस्तऐवज आहे व रंगाने तो झाकला जातो, हे दुसरे. संग्रहालयशास्त्राचा कल दुसऱ्या मताकडे आहे. तडजोड म्हणून खरी ओळख निदान विमानासमोरच्या फलकावर द्यावी, एवढी अपेक्षा रास्त ठरते.

डकोटाच्या बाबतीत ओळख पटवणे मुळातच किचकट आहे. ओक्लाहोमा सिटीच्या कारखान्यातून आलेल्या अनेक सी-४७बी विमानांना मागण्यांतील बदलांमुळे दोन-दोन उत्पादन क्रमांक मिळाले. त्यावर लष्करी क्रमांक, नागरी नोंदणी आणि कंपनी बदलली की नवी नोंदणी. पंख एका विमानाचे व धड दुसऱ्याचे, असेही वारंवार घडले. अशा वेळी ओळख ठरते ती धडातील उत्पादकाच्या पट्टीवरून व अखंड लॉगबुकांवरून. लॉगबुक गहाळ असलेले विमान प्रदर्शनात चालते. उड्डाणाचा परवाना मागताना अडते.

पत्रा व सांगाडा : डकोटाचा पत्रा आज २०२४ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या, तांबे असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे. तांब्यामुळे बळकटी येते, पण क्षरणाला वावही मिळतो. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. हौशी मंडळींकडून पहिला घात येथेच होतो. चकाकी आणण्यासाठी पत्रा घासला की हा थर जातो आणि आतला मिश्रधातू उघडा पडतो. क्षरण कणांच्या सीमांवरून आत शिरते, पत्र्याला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. बॅटरीखालची जागा, स्वच्छतागृहाखालचा भाग, मालाच्या फळीखालचे पोट आणि पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतात ती ठिकाणे प्रथम उघडावी लागतात. मॅग्नेशियमचे भाग बहुधा बदलावेच लागतात.

पंखात तीन स्पार (लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया) असून बाहेरचे पंख मधल्या भागाला कोनपट्ट्यांच्या कडेने शेकडो बोल्टांनी जोडलेले असतात. या कोनपट्ट्यांतील शिणवट्याच्या भेगा व क्षरण हा डकोटाचा सर्वांत नाजूक मुद्दा. उडणाऱ्या विमानात त्यांची नियमित तपासणी चुकत नाही. सुकाणू व एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) यांवर पत्रा नसून कापड ताणलेले असते. बळकट जोडांसाठीचे काही रिव्हेट उष्णतोपचारानंतर शीतपेटीत ठेवतात व बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटांच्या आत ठोकतात, नाहीतर ते कडक होऊन चिरतात. नागपूरच्या मे महिन्यात, बिनपंख्याच्या हँगरमध्ये, ही मुदत आणखी आखडते. जुन्या तबकड्यांवरचा रेडियमयुक्त रंग, ॲस्बेस्टॉसची आवरणे व क्रोमेटयुक्त प्रायमर यांची तपासणी काम सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. ती सहसा मागे पडते.

एंजिन व इंधन : प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१८३० हे चौदा सिलिंडरांचे, सुमारे १,२०० अश्वशक्तीचे अरीय (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले) एंजिन. उभ्या विमानात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. सुरू करण्याआधी पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवण्याची पद्धत त्यामुळेच आहे. पंखा अडला तर जोर न लावता खालचे प्लग काढून तेल वाहू द्यावे लागते. जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. साठवणीत संरक्षक तेल व प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या गुटिका घालतात. त्यांचा निळा रंग गुलाबी झाला की बदलण्याची वेळ झाली. या एंजिनाला लागणारे विमानाचे पेट्रोल भारताला दीर्घकाळ आयात करावे लागे. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवते.

विदर्भातील हवामान : समुद्राचा खारा वारा नसल्याने उघड्यावरील विमानाला नागपूर मुंबईपेक्षा बरे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या आत त्याहून बराच वर. टायर, सील, खिडक्यांचे प्लास्टिक व पंखांवरचे कापड यांची हानी उन्हाळ्यातच होते. मग येणाऱ्या पावसाळ्यात पोटातील निचऱ्याची भोके बुजलेली असली तर पाणी साठते. कुंभारमाशी पिटो नळीत (वेग मोजण्याच्या नळीत) मातीचे घर करते, साळुंक्या एंजिनाच्या झाकणात. काळ्या मातीचा प्रश्न निराळाच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चौथऱ्याचा पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नाही तर तो कलतो व विमानाचा सगळा भार एका चाकाच्या जोडावर येतो.

बेवारस राहिलेले विमान कसे टिकते, याचे उदाहरण नागपूरकरांनी वर्षानुवर्षे पाहिले. १९९१ मध्ये एंजिनातील बिघाडामुळे सोनेगावला उतरलेले एक बोईंग ७२० धावपट्टीजवळ सुमारे चोवीस वर्षे उभे होते. २०१५ मध्ये ते बाजूला हलवले गेले. ते नागरी जेट असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेरचे. पण सांगाडा तग धरून असतानाही मालकी व कागदपत्रांचा गुंता सुटला नाही तर जतन सुरूच होत नाही, हे त्यावरून दिसले.

इतर प्रकार : डकोटानंतरच्या विमानांची माहिती विस्कळीत आहे. १९५४ पासून आलेल्या फेअरचाइल्ड सी-११९ पॅकेट या वाहतूक विमानाच्या पाठीवर भारतात ऑर्फियस जेट एंजिन बसवण्यात आले. स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी २३ जुलै १९६२ रोजी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे विक्रमी उंचीवर पॅकेटच उतरवले होते. पाठीवरचे हे ऑर्फियस जोडएंजिन परदेशातील सुट्या भागांच्या बाजारात मिळत नाही. त्याच्याशिवाय उभे केलेले पॅकेट भारतीय पॅकेट राहत नाही. कॅरिबू व इल्युशिन-१४ या वाहतूक विमानांविषयी लेखन त्रोटक आहे. बिजू पटनायक यांच्या कलिंग एअरलाइन्सचे डकोटा २०२३ च्या सुरुवातीला कोलकात्याहून सुटे करून ट्रकांवर भुवनेश्वरला नेऊन जोडण्यात आले. रस्त्याने विमान हलवण्याच्या कामाला तो नमुना उपयोगी पडेल.

कानपूरला बनलेल्या ॲव्ह्रो-७४८ ने १ नोव्हेंबर १९६१ रोजी पहिले भारतीय उड्डाण केले. आता ॲव्ह्रोंची जागा ५६ सी-२९५ ही नवी वाहतूक विमाने घेत आहेत, म्हणजे जतनासाठी पुढची निवड ॲव्ह्रोंतूनच करावी लागेल. त्यांची डार्ट एंजिने टर्बोप्रॉप असल्याने केरोसीनवर्गीय इंधनावर चालतात. डकोटाला भेडसावणारा पेट्रोलचा प्रश्न त्यांना नाही. निवड होईल त्या विमानाचे डार्टचे सुटे भाग, ओव्हरहॉलचे साचे व लॉगकार्डे लिलावाच्या यादीत जाण्यापूर्वी वेगळी काढावी लागतील.