डोळे राहू द्या, खसरा नंबर पाहा

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीनं नागपूरच्या उमरेड रोडकडच्या एका लेआउटमध्ये प्लॉटसाठी ५१ हजार रुपये टोकन दिलं. सोबत मी होतो. ऑफिसच्या भिंतीवर लेआउटचा रंगीत नकाशा, विकलेल्या प्लॉटांवर लाल टिकल्या. माणूस तिशीतला, बोलायला गोड. चहा आला तेव्हा मावशीचा कप त्यानं स्वतः उचलून तिच्या हातात दिला. मावशीनं कागदांचं विचारलं. त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "मी सांगून राहिलो ना मावशी, तुम्ही मला आईसारख्या. बिनधास्त राहा. फक्त टोकन आज टाका, उद्या हा कॉर्नर राहत नाही."

जिना उतरताना मावशी म्हणाली, "पोरगा खोटा नाही वाटत. नजर चोरत नव्हता."

चार महिन्यांनी सातबारा काढला तेव्हा कळलं की जमीन भलत्याच माणसाच्या नावावर आहे. पैसे परत आले नाहीत. मावशीचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

आपणच नव्हे, जवळपास सगळं जग हेच म्हणतं. खोटं बोलणारा कसा ओळखावा, हे ७५ देशांतल्या लोकांना विचारणारा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं: तो नजर टाळतो. आपल्या भाषेनंही हे गृहीतच धरलंय. 'खाई त्याला खवखवे', 'चोराच्या मनात चांदणं'. आतली अस्वस्थता बाहेर दिसणारच, असा हा विश्वास.

मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरच्या प्रयोगांमधल्या १५८ खाणाखुणा तपासल्या. नजर, चुळबुळ, आवाज, हातवारे, सगळं. बहुतेक खुणांचा खोटेपणाशी संबंध एक तर नव्हता, किंवा इतका पुसट होता की समोरासमोर बसून तो कोणाच्या ध्यानात येणार नाही. नजर टाळण्याचं तर नावच नको. उलट काही प्रयोगांत खोटं बोलणारेच मुद्दाम जास्त डोळ्याला डोळा देत होते. साहजिक आहे, लोक काय शोधतात हे त्यांनाही ठाऊक असतं. तीन वर्षांनी चार्ल्स बाँड आणि डीपॉलो यांनी २०० हून अधिक अभ्यासांची गोळाबेरीज केली. नुसतं पाहून-ऐकून खरं-खोटं ठरवणारी माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात.

असं का होतं? घाम, अडखळणं, कोरडा घसा या भीतीच्या खुणा आहेत, आणि भीती खऱ्या माणसालाही वाटते. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती तर फार मोठी. खोटं पकडणारं म्हणून वापरतात त्या पॉलिग्राफ यंत्राची अडचणही हीच. ते यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटं मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही. संमतीशिवाय कोणाचीही पॉलिग्राफ चाचणी करू नये, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दिला आहे.

ही चूक फक्त आपल्या खिशाला महाग पडत नाही. आमच्या शेजारी एकदा अंगठी हरवली. कामाला येणाऱ्या ताईंना विचारलं तर त्यांचा आवाज कापू लागला, मान खाली गेली. "पाहा, गडबडली," असं घरातलं कोणीतरी त्यांच्यासमोरच बोललं. आठवड्यानं अंगठी कणकेच्या डब्यात सापडली. ताई तोवर काम सोडून गेल्या होत्या. मोठ्या माणसांशी बोलताना नजर खाली ठेवायची, हे ज्यांना लहानपणापासून शिकवलं, त्यांनाच आपण त्याच नजरेवरून चोर ठरवतो. मला हे प्लॉटच्या पैशांपेक्षा जास्त लागतं.

मग खोटं कळतं कसं? अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, अलीकडे तुम्ही पकडलेलं एखादं खोटं आठवा, ते कसं पकडलं? बोलण्याच्या क्षणी हावभावांवरून पकडलेलं खोटं जवळपास नव्हतंच. बहुतेक खोटी नंतर उघडी पडली होती: तिसऱ्याकडून कळलं, कागद हाती लागला, किंवा त्या माणसानंच कबूल केलं.

अ‍ॅल्डर्ट व्रिय या मानसशास्त्रज्ञाचा २००९ चा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यात काही जोड्या खरोखर रेस्टॉरंटमध्ये जेवल्या, काहींनी जेवल्याची गोष्ट रचली. मग प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं. "काय काय केलं?" या प्रश्नाची तयारी सगळ्यांची होती. पण "कुठं बसला होता, त्याचं चित्र काढा" म्हटल्यावर रचलेल्या जोड्यांची चित्रं जुळेनात. चित्रांवरून सुमारे ८० टक्के जोड्या बरोबर ओळखता आल्या. चेहरे तेच, फक्त प्रश्न बदलला. याच संशोधकांच्या पुढच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली: खोटं बोलणारे भरपूर तपशील देतात, पण पडताळता येतील असे तपशील शक्यतो टाळतात.

त्या दिवसाची आमची बैठक मी पुन्हा आठवली. तो माणूस तासभर बोलला. रिंग रोड किती जवळ, शाळा कुठं येणार, गेल्या वर्षी भाव काय होता. मौजा (म्हणजे महसुली गाव) कोणता, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) काय, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांची मंजुरी आहे का, महारेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाचा) नंबर काय, यातलं एकही त्याच्या तोंडून आलं नाही. विचारल्यावर उत्तर म्हणून 'आईसारख्या' आलं. आणि घाई. पोलीस असल्याचं भासवून 'डिजिटल अरेस्ट'चा फोन करणारा ठगही व्हिडिओ कॉल बंद करू देत नाही, घरच्यांशी बोलू देत नाही. कारण दहा मिनिटं मिळाली तर माणूस कोणालातरी विचारेल. (असा फोन आला तर कापा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काहीही नाही.)

मावशीनं यंदा पुन्हा प्लॉट पाहिला, बेसा भागात. हा विकणारा साठीचा, अबोल, बोलताना सारखा टेबलाकडे पाहणारा. मावशीनं खसरा नंबर विचारला. त्यानं चहाच्या बिलाच्या मागं मौजा, खसरा नंबर आणि प.ह.नं. (पटवारी म्हणजे तलाठी, त्याच्या हलक्याचा नंबर) लिहून दिला. "पटवाऱ्याकडून पाहून घ्या जी, वकिलाला दाखवा. घाई नाही." मावशीनं ते बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि आम्ही तिथूनच पटवाऱ्याच्या ऑफिसकडे निघालो.