पट्टी हटवली की मेमरी फुगू शकते

मोठी फाईल डाउनलोड होताना सरकणारी टक्क्यांची पट्टी बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत सहज काढता येते. एक व्हेरिएबल घ्यायचं, तुकडा आला की त्यात त्याची लांबी मिळवायची आणि सर्व्हरने कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये सांगितलेल्या आकाराने भागायचं. १९९० मध्ये आलेल्या हास्केलमध्ये मात्र साधं व्हेरिएबल एकदा ठरलं की बदलत नाही. मग वाढती बेरीज ठेवायची कुठे?

उत्तर देखणं आहे. मायकेल स्नोयमन यांच्या कंड्यूट या हास्केलच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) डेटा टप्प्याटप्प्याने वाहतो. एका टोकाला नेटवर्क, दुसऱ्या टोकाला डिस्क आणि मध्ये मोजणारं फंक्शन. ते आलेला तुकडा जसाच्या तसा पुढे देतं आणि नवी बेरीज घेऊन स्वतःलाच पुन्हा बोलावतं. जुनी बेरीज कुणी खोडत नाही. पुढचा टप्पा मागेल तेव्हाच नवा तुकडा येतो, म्हणून ४ जीबीची फाईलही थोड्याशा मेमरीत उतरते.

खरी गंमत हास्केलच्या आळशीपणात आहे. गरज पडेपर्यंत ही भाषा बेरीजही करत नाही. वाण्याने एकूण न करता वहीत नुसत्या नोंदी लिहीत जावं, तशी राहिलेली कामं साठवते. तुकडे ३२ केबीचे धरले तर ४ जीबीसाठी १,३१,०७२ नोंदी होतात. पट्टी दर तुकड्याला आकडा मागते, त्यामुळे हिशेब लगेच चुकता होतो. पट्टी हटवून फक्त शेवटी एकूण छापा, की नोंदी साचून मेमरी फुगू शकते! पुष्कळदा जीएचसी हा हास्केलचा कंपायलर ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप सुधारणं) चालू असताना हे ओळखून सावरून घेतो, पण त्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा बेरजेच्या नावाआधी उद्गारचिन्ह टाकावं. या ‘बँग पॅटर्न’मुळे बेरीज तिथल्या तिथे होते.

पट्टी १०० टक्क्यांपुढे गेली, तर जीझिपवर, म्हणजे फाईल दाबून लहान करण्याच्या पद्धतीवर, संशय घ्यावा. सर्व्हर दाबलेल्या फाईलचा आकार सांगतो आणि आपण उलगडलेले बाइट मोजत बसतो. मोजणारा टप्पा उलगडण्याआधी बसवला की आकडे जुळतात. सर्व्हर ‘चंक्ड’ म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या पद्धतीने पाठवत असेल, तर एकूण आकार आधी सांगितलेलाच नसतो. अशा वेळी टक्केवारीचा हट्ट सोडून किती एमबी आले तेवढं दाखवावं, आणि त्याच ओळीवर आकडा बदलत असाल तर दर वेळी आउटपुट फ्लश करावं, म्हणजे अडलेला मजकूर लगेच बाहेर काढावा. टर्मिनलवर हास्केल सहसा ओळ पूर्ण होईपर्यंत मजकूर अडवून ठेवतं.