वाडीसाठी गाडी घेताना

आमच्या भांडुपच्या वर्कशॉपमध्ये पिकअपचे हौदे, हूक आणि शेतीच्या ट्रॉल्यांचं काम चालतं. येणारी मंडळी बहुतेक मुंबईत नोकरीधंदा करणारी. कुणाची रत्नागिरीकडे कलमं, कुणाची रायगडात भातखाचरं, कुणी कर्जत-मुरबाडकडे एकर-दोन एकर घेतलेलं. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "जास्त कुठली ओढेल?" आम्ही त्यांना उलट विचारतो, भरलेली गाडी तुमच्या उतारावर थांबेल का? ओढणारं इंजिन आता सगळ्यांकडेच आहे. ओझ्यासकट जागेवर उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि वाडीवरचे बहुतेक अपघात तिथेच होतात. म्हणून हे पत्रक.

आधी वजन, मग गाडी

"सामान तसं थोडंच असतं हो," असं म्हणणाऱ्यांना आम्ही कागदावर आकडे मांडायला लावतो. सिमेंटच्या वीस गोणी म्हणजे सरळ एक टन. जांभ्याचा एक चिरा आकाराप्रमाणे पंचवीस ते पस्तीस किलोचा, म्हणजे पन्नास चिरे सव्वा ते पावणेदोन टन. एक ब्रास वाळू म्हणजे 100 घनफूट, चार टनांच्या वर, आणि ओली असली तर आणखी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन आणि टाकीचं वजन वेगळं. त्यात अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा जास्त त्रास देते, कारण ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. त्या मानाने आंब्याचे क्रेट हलके. ते जागा जास्त खातात, वजन कमी.

आता आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद बघा. त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन, दोन्ही लिहिलेली असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची पासिंगची क्षमता. चालक, शेजारी बसलेला माणूस, नंतर बसवून घेतलेला लोखंडी कठडा, ताडपत्रीची फ्रेम, अवजारांची पेटी हे सगळं त्याच फरकातून वजा होतं. एका गिऱ्हाइकाची पिकअप आम्ही काट्यावर नेली तेव्हा एक पोतंही न भरता 180 किलो आधीच खर्ची पडलेले निघाले. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

पासिंगपेक्षा जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. पण आम्हाला दंडापेक्षा पाट्यांची, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची, काळजी वाटते. "एक पाटा वाढवून द्या" अशी मागणी आठवड्याला एक तरी येते, आणि आम्ही ती नाकारतो. जादा पाट्याने गाडी मागून बसत नाही, त्यामुळे ती भरलेली दिसत नाही, एवढंच. ब्रेकचे ड्रम, अ‍ॅक्सल, टायर आणि आरसीवरचा आकडा होते तेच राहतात.

वजन किती, याइतकंच ते कुठे ठेवलं हेही महत्त्वाचं आहे. हे मी स्वतः शिकलो ते 2009 च्या जूनमध्ये, आमच्या गावी, संगमेश्वर तालुक्यात. दुसऱ्याकडून मागून आणलेली छोटी पिकअप होती. चाळीसेक चिरे भरले, आणि उतरवायला सोपे जावेत म्हणून सगळे हौद्याच्या मागच्या फाळक्याला लावून रचले. रस्त्यावरून घराकडे उतरणारी पाणंद, पहिल्या पावसाने तांबडी माती साबणासारखी झालेली. फणसाजवळच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. मागच्या ओझ्याने पुढची चाकं हलकी झाली होती, जमिनीला धरतच नव्हती. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून थांबलो. गडग्याच्या पलीकडे दोन पुरुष खोल व्हाळ, म्हणजे ओढा होता. तेव्हापासून भरताना माझा हात आधी केबिनकडे जातो. जड माल केबिनला टेकून, हौद्याच्या तळाशी, मागच्या चाकांच्या पुढे.

कुठली गाडी

टाटा एस 2005 मध्ये आली. त्या वर्गातल्या छोट्या गाड्या पाऊण टनाच्या आसपास माल नेतात. गावातल्या अरुंद डांबरी वाटांना आणि बाजारच्या फेऱ्यांना त्या उत्तम, पण चाकं लहान असल्यामुळे चिखलाच्या पाणंदीत त्यांना घालू नका.

सव्वा ते दोन टनांच्या पिकअप, म्हणजे बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा ही मंडळी, खऱ्या कामाच्या. जास्त करून यात मागच्याच चाकांना ताकद असते. रिकामी असताना मागचा भाग हलका पडतो आणि ओल्या चढावर चाक जागच्या जागी फिरतं. पावसाळ्यात रिकामं जायचं असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर वाळूच्या तीन-चार गोण्या बांधून ठेवा. काही मॉडेलांत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, मिळतं. पाणंद कच्ची असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा, नंतर बसवता येत नाही.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स या दणकट गाड्या आहेत. घाटात, चिखलात, लो रेंजच्या, म्हणजे हळू पण जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये त्या जे करतात ते बाकीच्यांना जमत नाही. पांढरी नंबरप्लेट, घरच्यांना बसायला नीट जागा. पण पाच माणसं बसली की हौद्यासाठी उरणारं वजन मालवाहू पिकअपच्या बरंच खाली येतं. आणि मुंबईकरांनी आधी टेप घेऊन आपलं पार्किंग मोजावं. हायलक्स 5,325 मिलिमीटर लांब आहे, म्हणजे साडेसतरा फूट. सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगमध्ये ती बसेलच असं नाही. पार्किंगच्या कप्प्याला ठरलेली लांबी, उंची आणि वजन वॉचमनला न विचारता सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

पिवळ्या प्लेटची गाडी घेणार असाल तर सोसायटी ती आत उभी करू देते का, तेही लेखी विचारून घ्या. लायसन्सची शंका मात्र मिटली आहे. 7,500 किलोपर्यंत भरलेल्या वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं. भरलेलं वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवानाही लागत नाही, फिटनेस मात्र वेळच्या वेळी करावाच लागतो. आणि एक विनंती. गणपतीला जाताना हौद्यात माणसं बसवू नका. मालाच्या जागी बसलेल्या माणसाला काही झालं तर विम्याच्या भरपाईसाठी घरच्यांना वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे घालावे लागतात.

ट्रॉली ओढायची असेल तर

आमचं मत विचाराल तर, ज्यांना वर्षातून चार-सहा महिने वाडीतल्या वाडीत शेणखत, चिरे, लाकूड हलवायचंय त्यांनी मुंबईहून पिकअप नेण्यापेक्षा गावीच छोटा ट्रॅक्टर आणि ट्रॉली ठेवावी. वीस-पंचवीस अश्वशक्तीचे फोर बाय फोर मिनी ट्रॅक्टर कलमांच्या ओळींतून वळतात आणि गरज पडली तर फवारणीलाही चालतात. सातबारा नावावर असेल तर महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानाचा अर्ज करता येतो. वर्षात पाच-सात फेऱ्याच असतील तर काहीच घेऊ नका, गावातला ट्रॅक्टर भाड्याने बोलवा. आमचा धंदा बुडाला तरी चालेल, पण दारात गंजत उभी राहणारी ट्रॉली बघवत नाही.

उताराचं गणित सोपं आहे. सहा फूट पुढे गेल्यावर एक फूट उतरणारी वाट असेल, तर दोन टनांची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून सव्वातीनशे किलोच्या जोराने ढकलते. बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे तो सगळा जोर टनाच्या आतबाहेरच्या ट्रॅक्टरने एकट्याने पेलायचा. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि त्याच गिअरमध्ये तळापर्यंत या. मध्ये क्लच दाबला किंवा गिअर काढला की संपलं. ट्रॉली घेताना ब्रेकवाली मागा. खर्च जास्त येतो, आम्ही तरीही तीच घ्या म्हणतो.

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळायला. दोन्ही पेडल जोडणारी एक छोटी पट्टी तिथेच असते. वाटेवर ट्रॉली लावून निघताना ती पट्टी बसलेलीच पाहिजे. नसेल आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. आम्ही ट्रॉली देताना ती पट्टी गिऱ्हाइकाच्या हाताने बसवून घेतो.

दोन चाकांच्या ट्रॉलीत माल थोडा पुढे झुकलेला ठेवा. एकूण वजनाच्या सुमारे दहावा भाग हुकावर आला पाहिजे. सगळं मागे रचलं तर दांडी हूक उचलायला बघते आणि ट्रॉली डावीउजवीकडे झुलू लागते. हुकावर आलेलं वजन गाडीच्या पासिंगमध्ये धरायला विसरू नका. पिकअपला हूक लावायचा असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायची मर्यादा दिली आहे का ते बघा. दिलेली नसेल तर आम्ही हूक बसवत नाही. ट्रेलरचीही आरटीओत वेगळी नोंदणी लागते.

टोचन, म्हणजे दोर लावून झाडं ओढणाऱ्यांसाठी एवढंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुपाऱ्या आणि माड आडवे झाले, आणि ते ओढायला जो तो ट्रॅक्टर घेऊन निघाला. दोर नेहमी मागच्या अ‍ॅक्सलच्या खालच्या हुकालाच बांधा. वरच्या लिंकला, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांडीला, बांधलात तर झाड हलण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो क्षणात चालकावर उलटू शकतो. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, मुलांना तर अंगणातसुद्धा नको.

डिझेलबद्दल थोडं

बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. जी पिकअप वाडीतच दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते तिचा फिल्टर तुंबतो. महिन्यातून एकदा तिला हायवेवर अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला तर तसेच चालवत राहू नका.

आमच्याकडे येताना

आरसीची प्रत आणा, गाडी असेल तर. फाटकाची रुंदी फुटांत मोजून आणा. पाणंदीचा फोटो शक्यतो पावसाळ्यातला, सगळ्यात तीव्र उताराच्या खालून वर बघत काढलेला. वर्षातलं सगळ्यात जड ओझं कुठलं आणि ते कुठून कुठे न्यायचंय, ते एका ओळीत लिहून आणा. गावी गाडी प्रत्यक्ष कोण चालवणार आहे, भाऊ, काका की राखणदार, त्यांनाही जमलं तर सोबत आणा. ब्रेकची पट्टी त्यांनाच दाखवायची असते.