शाश्वत विकासात शासनाची भूमिका (मराठवाडा)

आजच्या गरजा भागवताना पुढील पिढ्यांच्या वाट्याची माती, पाणी व वनसंपदा शिल्लक राहील, अशा रीतीने विकास घडवून आणण्याची शासनाची जबाबदारी. ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या 1987 च्या अहवालामुळे जगभर रूढ झाली. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे येथे तिचा कस पाण्यावरच लागतो.

1972 च्या दुष्काळात गावोगावी निघालेल्या कामांतून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा 1977 मध्ये झाला व 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मजुराच्या हाताला काम आणि शिवारात पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती असा तिचा दुहेरी लाभ होता. 1990 पासून तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली. महाराष्ट्राच्या शासनाने दुष्काळी भागासाठी याहून मोलाचे काम क्वचितच केले असेल. ग्रामीण रोजगार हमीचा 2005 चा केंद्रीय कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, पण वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे वाढत गेली आणि नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, येणारे पाणी घटले. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा आदेश प्राधिकरणाने 2014 मध्ये दिला. तरीही तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडण्याआधी वाद आणि न्यायालयीन लढाई होतेच.

भूजलाच्या बाबतीत शासन फार कमी पडले. 2009 च्या भूजल कायद्याने खोल विहिरींना आळा घातला, पण लातूर, धाराशिवमध्ये बोअर शेकडो फूट खोल जात राहिले. मांजरा धरण आटल्याने एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच खोऱ्यात साखर कारखान्यांना परवाने शासनानेच दिले होते. उसाला कायद्याने किमान दराची हमी आहे. ज्वारी-तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी अपुरी पडते. मग शेतकरी ऊस लावतो, यात त्याला दोष देता येत नाही.

जलयुक्त शिवार अभियानात (2014) नाला खोलीकरणावर भर राहिला. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील अनेक तळी पावसाऐवजी बोअरच्या पाण्याने भरली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाला मिळणाऱ्या व लागणाऱ्या पाण्याचा ताळेबंद मांडून कामे ठरवली जातात. कोणते पीक घ्यावे, यावर मात्र त्या ताळेबंदाचे बंधन नाही.